ओल्या कापसाचा भाव: सीझनच्या सुरुवातीला एनबीए टीमची क्रमवारी कशी लावायची

दिवाळीच्या आगेमागे आमच्या अमळनेरात दोन गोष्टींवरून रोज वाद होतो. एक कापसाचा भाव आणि दुसरी एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, टीमची क्रमवारी. पहिल्या वादात अख्खा गाव असतो. दुसऱ्यात आम्ही सहा जण, शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घेतलेले आणि आता पोट सुटलेले. नोव्हेंबरच्या मध्यावर प्रत्येकाने आपली यादी द्यायची आणि एप्रिलमध्ये ज्याची यादी सगळ्यात जास्त चुकली त्याने बाकीच्यांना शेवभाजी खाऊ घालायची, असा आमचा शिरस्ता आहे.

२०२२ साली मी युटा जॅझला दुसऱ्या नंबरवर बसवलं. कारण साधं होतं, १३ पैकी १० मॅच त्यांनी जिंकल्या होत्या. त्याच उन्हाळ्यात रूडी गोबेर आणि डोनोव्हन मिचेल असे दोन्ही मोठे मोहरे त्यांनी देऊन टाकले होते, आणि तरी टीम भल्याभल्यांना हरवत होती. मला वाटलं, आपल्याला काहीतरी दिसलंय जे बाकीच्यांना दिसत नाही. आमच्यातला एक जण जिनिंगवर (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) वजनकाट्याशी बसतो. त्याने यादी वाचली, कागद परत दिला आणि एवढंच म्हणाला, "भो, कापूस आते वला शे." (भाऊ, कापूस आत्ता ओला आहे.)

युटाचा शेवट ३७ विजय आणि ४५ पराभव असा झाला. प्ले-ऑफसुद्धा (चषकासाठीची बाद फेरी) नाही. शेवभाजी माझ्या खिशातून गेली.

ज्यांच्या घरी कापूस नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्या वेचणीचा कापूस काट्यावर चांगला भरतो, पण त्या वजनात पाणी असतं. ते वजन खोटं नसतं, काट्याने बरोबरच दाखवलेलं असतं. पण घेणारा मीटर खुपसून ओलावा बघतो आणि त्याप्रमाणे घट धरतो. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) ८ टक्के ओलावा प्रमाण मानते आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाही. पहिल्या दहा-पंधरा मॅचचा निकाल हा असाच माल आहे. तो फेकायचा नाही, आणि काट्यावरच्या आकड्याने घ्यायचाही नाही. आत पाणी किती, ते काढायचं. आम्ही ते कसं काढतो ते खाली लिहितोय. वही, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

नवख्यांसाठी दोन ओळी: एनबीएत ३० टीम, १५ पूर्वेच्या आणि १५ पश्चिमेच्या. ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत प्रत्येकीच्या ८२ मॅच. प्रत्येक बाजूच्या पहिल्या ६ थेट प्ले-ऑफला, ७ ते १० नंबरवाल्यांना प्ले-इन खेळून जागा मिळवावी लागते. म्हणजे १० मॅच झाल्यावर यादी करणारा माणूस आठव्या हिश्श्यावर अख्ख्या सीझनचा अंदाज बांधत असतो.

आधी जुनं खातं उघडा

बहुतेक जण इथेच घाई करतात. सीझन सुरू झाला की मागचं सगळं पुसून टाकतात, जणू ऑक्टोबरात ३० टीम नव्याने जन्मल्या. तसं नसतं. मागच्या सीझनला प्रत्येक टीमने सरासरी मॅचमागे किती पॉइंटने आघाडी घेतली (किंवा मार खाल्ला) तो आकडा वहीत डावीकडे लिहा. हा तुमचा आरंभीचा शिल्लक आकडा.

पण तो जशाचा तसा धरू नका. चांगल्या टीम पुढच्या वर्षी थोड्या खाली येतात, वाईट थोड्या वर सरकतात. आम्ही मागच्या आकड्याचा दोन तृतीयांश धरतो. मागच्या वर्षी सरासरी ६ ने पुढे असलेली टीम यंदा ४ पासून सुरू होते. मग उन्हाळ्यात काय बदललं ते बघून त्यात एक-दोन पॉइंट जोडायचे किंवा कापायचे: पहिल्या दर्जाचा खेळाडू आला, गेला, कोच बदलला, कोणी म्हातारा झाला. हे काम ऑक्टोबरात, पहिली मॅच होण्याआधी करून कागदाची घडी घाला. मॅच सुरू झाल्यावर केलंत तर मन आपोआप निकालाकडे झुकतं आणि जुना आकडाही नव्या निकालाला साजेसा लिहिला जातो. हे मी स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगतो.

प्री-सीझनच्या मॅच या खात्यात घेऊ नका. २०१९ च्या ऑक्टोबरात सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईत, वरळीच्या डोममध्ये दोन मॅच खेळले. पहिली ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ अशी गेली, दुसरीही पेसर्सनेच जिंकली. आमच्या ग्रुपमध्ये पेसर्सचं एकदम वजन वाढलं. खरा सीझन सुरू झाला आणि पेसर्स पहिल्या तीन मॅच हरले, किंग्ज तर पहिल्या पाच. (किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळ मुंबईचे, त्यामुळे आमच्यातल्या दोघांना त्या टीमचा कळवळा आहे. यादीत कळवळा धरायचा नाही, हाही एक नियमच समजा.)

जिंकले-हरले पेक्षा कितीने, ते बघा

एका पॉइंटने जिंकलेली मॅच आणि २५ ने जिंकलेली मॅच टेबलावर सारखीच दिसते. पण शेवटच्या सेकंदाला रिंगवरून फिरून आत पडलेला किंवा बाहेर पडलेला बॉल टीमची ताकद सांगत नाही. अटीतटीच्या मॅच जवळपास नाणेफेकीसारख्या असतात. म्हणून विजयांच्या रकान्यापेक्षा एकूण पॉइंटचा फरक जास्त बोलका असतो.

सगळ्यात झकास उदाहरण २०१०-११ ची मायामी हीट. लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस बॉश ड्वेन वेडला येऊन मिळाले, साऱ्या जगाचं लक्ष तिकडे, आणि सुरुवात झाली ९ विजय ८ पराभवांनी. टीकाकारांनी तोंडसुख घेतलं. पण पॉइंटचा हिशेब काढला असता तर दिसलं असतं, की जिंकलेल्या मॅच मोठ्या फरकाने होत्या आणि हरलेल्यांतल्या बऱ्याच दोन-पाच पॉइंटने. एकूण फरक चांगलाच अधिक होता. शेवट ५८-२४, आणि थेट फायनल. फायनल डॅलसने हिसकावली, तो वेगळा विषय.

हिशेबासाठी एक सोपा ठोकताळा पाठ करून ठेवा. सरासरी फरकाचा एक पॉइंट म्हणजे ८२ मॅचमध्ये साधारण २.७ विजय. शून्य फरकाची टीम ४१ मॅच जिंकते. म्हणून ४१ अधिक (२.७ गुणिले फरक). २०१५-१६ ची गोल्डन स्टेट वॉरियर्स जवळपास १०.८ ने पुढे होती, हिशेब येतो ७०, प्रत्यक्षात ७३ जिंकल्या. टोकाच्या टीमला मात्र हा ठोकताळा फुगवतो. २०२४-२५ च्या ओक्लाहोमा सिटी थंडरचा फरक जवळपास १२.९ होता, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. हिशेबाने ७६ येतात, जिंकल्या ६८. नोव्हेंबरात अशी टोकाची टीम एखादीच असते, त्यामुळे आपलं काम अडत नाही.

दोन खबरदाऱ्या घ्या. निकाल लागून गेल्यावर शेवटच्या पाच-सात मिनिटांत दोन्हीकडचे राखीव खेळतात, आणि २२ ची आघाडी १२ होते किंवा ३४ होते. त्यात काही अर्थ नसतो. आम्ही २० च्या पुढचा प्रत्येक पॉइंट अर्धा मोजतो. दुसरं म्हणजे एनबीए कप. २०२३ पासून नोव्हेंबरात या कपच्या गटातल्या मॅच होतात आणि गटात बरोबरी झाली तर पॉइंटचा फरक कामाला येतो. त्यामुळे त्या रात्री टीम १८ ने पुढे असूनही शेवटच्या मिनिटात थ्री (लांबून तीन पॉइंटचे शॉट) मारत बसते. हे निकाल सीझनच्या हिशेबात धरले जातात, पण आपल्या वहीत त्यांच्यापुढे खूण करून ठेवा.

११८ पॉइंट म्हणजे चांगली आक्रमक टीम?

नाही. कदाचित फक्त भराभर खेळणारी टीम. हे समजून घ्यायला पझेशन मोजावं लागतं, म्हणजे बॉल हातात आल्यापासून जाईपर्यंतची एक पाळी. बॉक्स स्कोअरमध्ये (मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यात) पझेशनचा रकाना नेहमी नसतो, पण काढता येतं: टाकलेले शॉट, अधिक फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) ०.४४ पट, वजा आक्रमणातले रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत पकडणं), अधिक टर्नओव्हर (हातचा बॉल गमावणं). समजा ८८ शॉट, २२ फ्री थ्रो, १० आक्रमक रिबाउंड, १४ टर्नओव्हर. ८८ अधिक ९.७ वजा १० अधिक १४, म्हणजे सुमारे १०२ पझेशन.

आता दोन टीम घ्या. एकीने १०५ पझेशनमध्ये ११८ केले, दुसरीने ९६ मध्ये ११२. टीव्हीवर पहिली भारी वाटेल. १०० पझेशनमागे मोजलं तर पहिलीचे ११२.४ आणि दुसरीचे ११६.७. आपल्याकडे एकरी उतारा विचारतात, नुसते क्विंटल विचारत नाहीत, तसंच हे. बचावही असाच मोजायचा, समोरच्याला १०० पझेशनमागे किती दिले. दोघांची वजाबाकी म्हणजे नेट रेटिंग. एनबीएच्या अधिकृत साइटवर ते फुकट तयार मिळतं, म्हणून रोज हाताने काढायची गरज नाही. पण पाच-सहा मॅचचं एकदा हाताने काढाच. आकडा कुठून येतो ते कळलं की तो आकडा आपल्याला फसवत नाही.

टीम चांगली का आहे ते शोधायचं असेल तर डीन ऑलिव्हर या संख्याशास्त्रज्ञाने सांगितलेल्या चार बाबी बघा: शॉट किती चांगले पडतात (थ्रीला जास्त वजन देऊन), बॉल किती गमावतात, आक्रमक रिबाउंड किती, फ्री थ्रो किती मिळवतात. त्याने अंदाजे ४०, २५, २० आणि १५ असं वजन दिलं. सुरुवातीच्या दिवसांत माझा कल दुसऱ्या-तिसऱ्या बाबीकडे असतो. बॉल सांभाळणं आणि रिबाउंडला धावणं या सवयी आहेत, त्या दहा मॅचमध्ये दिसू लागतात. शॉट पडणं मात्र दहा मॅचमध्ये बेभरवशाचं. त्यावर आता येतो.

पाणी कुठे मुरतं

थ्रीमध्ये. सगळ्यात जास्त पाणी तिथेच.

हल्ली एक टीम एका मॅचमध्ये ३५-४० थ्री टाकते, आणि लीगची सरासरी ३६ टक्क्यांच्या आसपास असते. आता एक अगदी सरासरी टीम घ्या, दर रात्री ३७ थ्री टाकणारी. निव्वळ नशिबाने तिचे पडलेले थ्री रात्री तीन इकडे-तिकडे होऊ शकतात. म्हणजे ९ पॉइंट! दहा मॅचवर हा गोंधळ सरासरी पावणेतीन-तीन पॉइंटवर येतो, तरी तो पूर्ण जात नाही. ठोकताळ्याने तीन पॉइंट म्हणजे ८ विजयांचा फरक. आणि हे फक्त आपल्या थ्रीचं झालं, समोरच्याचे वेगळे.

समोरच्याचे थ्री तर आणखी फसवे असतात. बचाव करणारा जास्त करून एवढंच ठरवू शकतो की समोरच्याने थ्री किती आणि किती मोकळे टाकावेत. हातातून सुटल्यावर तो पडतो की नाही, यावर त्याचा ताबा फार थोडा. म्हणून एखादी टीम "काय बचाव आहे!" म्हणून गाजत असेल तर आधी हे तपासा. समजा दहा मॅचमध्ये समोरच्यांनी ३७० थ्री टाकले आणि ११५ पडले, म्हणजे ३१ टक्के. ३६ टक्क्यांनी १३३ पडायला हवे होते. १८ थ्री, ५४ पॉइंट, मॅचमागे ५.४. चुकलेल्या प्रत्येक थ्रीचा रिबाउंड आपल्यालाच मिळतो असं नाही, आणि थोडं श्रेय बचावालाही द्यायला हवं, म्हणून आम्ही यातलं निम्मं कापतो, २.७. हाच हिशेब उलटाही करायचा. ज्यांच्याविरुद्ध ४१ टक्के पडले त्या बिचाऱ्यांना परत द्यायचं. द्यायला सगळे विसरतात, कापायला कोणी विसरत नाही.

स्वतःच्या थ्रीचं तेवढं कापू नका. चांगले नेमबाज असलेली टीम खरोखरच ३८ टक्के मारू शकते. तिथे मागच्या सीझनची टक्केवारी बघून ठरवा.

कोणाशी, कुठे, किती थकून

सुरुवातीच्या वेळापत्रकात समता नसते. एका टीमच्या दहापैकी सात मॅच घरी आणि त्याही लिंबूटिंबूंशी, दुसरी आठवडाभर विमानातच. घरच्या मैदानाचा फायदा हल्ली दोन-तीन पॉइंटचा धरतात, आम्ही दोन धरतो. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे, आपल्या तोरणमाळपेक्षाही बरंच उंच, तिथे पाहुण्यांची चौथ्या क्वार्टरला धाप लागते. लागोपाठ दोन रात्री मॅच असतील तर दुसऱ्या रात्रीच्या निकालापुढेही खूण करा.

प्रतिस्पर्धी किती तगडे होते ते काढताना एक खड्डा आहे. त्यांची यंदाची कामगिरी बघितली तर तीही ओलीच असते. ओल्याने ओलं मोजल्यासारखं. म्हणून पहिल्या दहा मॅचपर्यंत प्रतिस्पर्ध्याचा ऑक्टोबरातला घडी घातलेला आकडा वापरा, वीस मॅचनंतर यंदाचा.

आता सगळं एकत्र करून बघू. नावं माझ्या मनाची, आकडेही मनाचे: चोपडा आणि पारोळा अशा दोन टीम समजा.

चोपड्याने १० पैकी ८ जिंकल्या, सरासरी फरक अधिक ३.५. पण प्रतिस्पर्ध्यांची सरासरी वजा २.५, आणि सात मॅच घरी, तीन बाहेर. ३.५ मधून २.५ गेले, राहिला १. घरच्या चार मॅच जास्त, प्रत्येकी दोन पॉइंट, म्हणजे ८ भागिले १०, ०.८ आणखी गेला. हातात ०.२.

पारोळ्याने ५ जिंकल्या, ५ हरल्या, फरक अधिक ४.२. प्रतिस्पर्धी तगडे, सरासरी अधिक २. चार घरी, सहा बाहेर, त्याचे ०.४ परत मिळतात. एकूण ६.६.

टेबलावर चोपडा पारोळ्याच्या तीन मॅच पुढे आहे. वहीत पारोळा सहा पॉइंट पुढे. थ्रीची घट दोघांची सारखीच आली असं धरू.

वाळवण

आता जुना आकडा आणि नवा आकडा मिसळायचा. आम्ही जुन्या आकड्याला दहा मॅचचं वजन देतो. म्हणजे दहा मॅच झाल्यावर निम्मं जुनं, निम्मं नवं. वीस मॅचनंतर दोन तृतीयांश नवं. तीस मॅचनंतर तीन चतुर्थांश. पाच मॅच झाल्या असतील तर नव्याला एक तृतीयांशच. कोणी आठ धरेल, कोणी बारा, त्यावरून भांडायचं नाही. भांडायचं तर शून्य धरणाऱ्याशी.

चोपड्याचा मागच्या वर्षीचा फरक १.५ होता समजा, दोन तृतीयांश म्हणजे १. आता (०.२ अधिक १) भागिले २, येतो ०.६. पारोळ्याचा मागचा ४.५, धरला ३. (६.६ अधिक ३) भागिले २, येतो ४.८. ठोकताळा लावा: चोपडा ४१ अधिक १.६, सुमारे ४३ विजय. पारोळा ४१ अधिक १३, म्हणजे ५४. चोपडा प्ले-इनच्या आसपास घोटाळणार, पारोळा घरच्या मैदानावर प्ले-ऑफ सुरू करायच्या शर्यतीत.

वरच्या रीतीने २०२२ च्या युटाला बसवलं असतं तर जुना आकडा, त्यातून दोन मोठे खेळाडू वजा, आणि तेरा मॅचचं नवं वजन. पहिल्या दहात कदाचित आली असती, दुसरी नक्कीच नाही. गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच सीझनला वॉशिंग्टन विझर्ड्सनेही अशीच १०-३ ची सुरुवात केली होती आणि शेवट ३५-४७ झाला होता. मी तेव्हाही बघितलं होतं आणि विसरलो होतो.

उलट बाजूची आठवण: २०२३-२४ ला डेट्रॉइट पिस्टन्सने पहिल्या तीनपैकी दोन जिंकल्या. त्यानंतर सलग २८ हरल्या, एका सीझनमधला विक्रम.

रीत जिथे अडते

एवढं सगळं करूनही २०२४-२५ ची इंडियाना पेसर्स आमच्यापैकी कोणाच्याही हाती लागली नाही. १० विजय, १५ पराभव अशी सुरुवात, आणि इथे मायामीसारखा पॉइंटचा फरकही बाजूने नव्हता. आकडे सरळ सांगत होते की टीम साधारण आहे. शेवटी ५० जिंकल्या आणि फायनलला ओक्लाहोमा सिटीला सातव्या मॅचपर्यंत खेचलं. आणि दुसऱ्या फेरीत कोणाला घरी पाठवलं? सलग १५ विजयांनी सीझन सुरू करून ६४ जिंकलेल्या क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सला, ४-१ ने.

कुठे चुकलं? आम्ही कोण खेळलं ते बघितलं, कोण खेळलं नाही ते नाही. अँड्र्यू नेम्बहार्ड आणि ॲरन नेस्मिथ हे पेसर्सचे दोघे पहिल्या महिन्यांत दुखापतीने बराच काळ बाहेर होते. दोघेही पोस्टरवरचे नाहीत, म्हणून आमच्या नजरेत आले नाहीत. तेव्हापासून आमच्या वहीत एक जादा रकाना आहे: पहिल्या पाच-सहा खेळाडूंपैकी प्रत्येक जण किती मॅच खेळला. दोन किंवा जास्त जण निम्म्याहून कमी खेळले असतील तर त्या टीमच्या नव्या आकड्याला अर्धंच वजन, बाकी जुन्यावर भिस्त. ते परत येणार नसतील, म्हणजे सीझनभरासाठी गेले असतील, तर ही सवलत नाही, उलट जुन्या आकड्यातून कापा.

नवीन कोच किंवा नवीन मोठा खेळाडू आलेल्या टीमलाही घाईने नापास करू नये. २०१४-१५ ला लेब्रॉन क्लीव्हलँडला परतला तेव्हा जानेवारीत अदलाबदल केली, त्याच सुमारास ती टीम १९-२० होती, तरी फायनल गाठली. २०२१-२२ ची बॉस्टन सेल्टिक्स नव्या कोचखाली १८-२१ होती, तीही फायनलला गेली. दोन्हीकडे मुळात माल चांगला होता, हे जुन्या खात्यावरून कळलं असतं.

आणि मॅच बघायच्या. हे लिहायचं राहून जातं म्हणून मधेच लिहितो. आकड्यांनी ३० टीम मोजता येतात, पण थकलेली टीम आणि आपसांत न पटणारी टीम डोळ्यांनाच दिसते. बचावासाठी परत धावताना कोण चालतं, टाइमआउटला कोण कोणाजवळ बसत नाही. आठवड्याला दोन मॅच पूर्ण बघितल्या तरी पुष्कळ. फक्त बघून झाल्यावर आकड्यात फरक करायचा तर एका पॉइंटपेक्षा जास्त नको. आमच्यातला एक जण एका डंकवर (उडी मारून रिंगमध्ये खुपसलेल्या बॉलवर) टीम सहा नंबर वर नेतो, त्याच्याकडे आम्ही तीनदा शेवभाजी खाल्ली आहे.

नंबर शेवटी, आधी ढीग

सगळ्या टीमचे मिसळलेले आकडे उतरत्या क्रमाने लावले की १ ते ३० नंबर द्यायचा मोह होतो. थांबा. दहा मॅचनंतर एक-दीड पॉइंटचा फरक काहीच सांगत नाही. जिनिंगवर गाडीगाडीला नंबर देत नाहीत, प्रत करतात: लांब धाग्याचा एकीकडे, कवडी (हलका माल) दुसरीकडे. तसे आधी ढीग करा. आकड्यांच्या रांगेत जिथे मोठी फट दिसते तिथे रेघ मारा. साधारण पाच ढीग पडतात: चषकाचे खरे दावेदार, त्यांना हरवू शकणारे, प्ले-ऑफचे, प्ले-इनभोवती घुटमळणारे, आणि पुढच्या ड्राफ्टकडे (नव्या खेळाडूंच्या निवडीकडे) डोळे लावून बसलेले. वरच्या ढिगात तीन-चारपेक्षा जास्त टीम येत असतील तर तुम्ही घट कमी धरली आहे.

ढिगाच्या आत नंबर लावताना मी तीन प्रश्न विचारतो, याच क्रमाने. आक्रमण आणि बचाव दोन्ही लीगच्या पहिल्या दहात आहेत का? पहिले पाच खेळाडू धड आहेत का? समोरासमोर काय झालं? तिसऱ्या प्रश्नाला मी फार किंमत देत नाही, पण टपरीवर वाद मिटवायला तोच उपयोगी पडतो.

यादी आठवड्यातून एकदाच बदला, आम्ही सोमवारी बदलतो. आणि कोणतीही टीम एका आठवड्यात पाचपेक्षा जास्त जागा सरकली तर हिशेब पुन्हा तपासा. बहुतेक वेळा बेरीज चुकलेली असते.

सकाळचं गणित

सीझन सुरू होताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची संध्याकाळी ७ ची मॅच आपल्याकडे पहाटे ४:३० ला लागते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, मग तीच मॅच ५:३० ला. पश्चिम किनाऱ्यावरची रात्री ७:३० ची मॅच आधी सकाळी ८ ला आणि मग ९ ला. दरवर्षी त्या सोमवारी आमच्यातला कोणीतरी तासभर आधी उठून रिकामा स्क्रीन बघत बसतो. नोकरीवाल्याने पूर्वेच्या टीम बघाव्यात आणि पश्चिमेच्या बॉक्स स्कोअरवर भागवावं. थंडीत पहाटे शेकोटीजवळ मोबाइल धरून बघण्यात मजा आहे, पण बोटं गारठल्यावर वहीत आकडे नीट पडत नाहीत, तेवढं दुपारी घरी करा.

पाच मॅच झाल्यावर पहिली कच्ची यादी, दहानंतर पक्की, पंचविसाव्याला, म्हणजे डिसेंबरच्या मध्यावर, दुरुस्ती. त्या सुमाराला आमच्याकडे भरिताच्या वांग्यांचा हंगाम भरात असतो, म्हणून दुरुस्तीची बैठक शेतावर होते: शेकोटीत वांगी, कळण्याची भाकरी, आणि सहा वह्या. जिनिंगवाला मित्र तेव्हा प्रत्येकाची नोव्हेंबरची यादी मोठ्याने वाचतो. माझ्या यादीला आला की युटापाशी मुद्दाम थांबतो, यंदा युटा विसाव्या नंबरवर असली तरी.